ट्रॅममधून दिसेल असा चेहरा

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून निघाली तशी हालरसाहेबांनी बर्वेंना जाळीच्या दारासमोर उभं केलं.

"समोर बघा," ते म्हणाले. "मान वळवायची नाही. जे दिसेल ते दिसेल, नाही दिसलं तर नाही."

दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर माझं पोस्टर टाचण्यांनी लावलेलं होतं. लिफ्ट जुनी, लोखंडी जाळीची, कुरकुरत उतरणारी. पोस्टर पायापासून वर सरकत आलं, क्षणभर पुरतं समोर दिसलं आणि आमच्या डोक्यावरून निघून गेलं. तळमजला येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम होता, त्यामुळे मी पदराच्या टोकाला पीळ घालत उभी राहिले.

"काय दिसलं?" दार उघडताना साहेबांनी विचारलं.

"मुलगी," बर्वे म्हणाले. "गालाला फेस लागलाय आणि हसतेय. हिमकांती साबण. पण साहेब, काय चेहरा आहे! आता रात्रभर डोळ्यांसमोरून हलायचा नाही."

"छान. पोस्टर पास." साहेब माझ्याकडे वळले. "मिस कर्णिक, आता तो चेहरा काढून टाका."

एवढं बोलून ते जिन्याने वर निघून गेले. बर्वे आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

ही गोष्ट ट्रॅम मुंबईत अजून धावत होत्या तेव्हाची. एर्विन हालर हे आमच्या जाहिरात कंपनीच्या स्टुडिओचे प्रमुख. मूळचे व्हिएन्नाचे. हिटलर तिथे पोचला त्या वर्षी ते बोटीने मुंबईला आले आणि इथलेच झाले. युरोपात पोस्टर ही रस्त्यावरची कला, असं ते सांगायचे. माणूस ट्रॅममध्ये बसलाय, डोक्यात बायकोशी झालेलं भांडण आहे, ट्रॅम काही तुमच्या चित्रासाठी थांबत नाही. तेवढ्यात जे त्याच्या डोक्यात शिरेल ते पोस्टर, बाकी सगळा कागद. म्हणून ही लिफ्टची परीक्षा. त्यात भले भले नापास व्हायचे.

आणि मी पास होऊन नापास झाले होते.

मला त्या नोकरीत घेतलं होतं ते अक्षरांसाठी. देवनागरी आणि गुजराती अक्षरं काढायची, दुसऱ्यांच्या चित्राखाली. स्टुडिओत मला 'अक्षरांची बाई' म्हणत. मी अजून कायम झाले नव्हते आणि चित्र काढायला मिळेल अशी आशाही नव्हती. पण साहेब तापाने घरी होते त्या आठवड्यात साबणवाले शेठ घाईवर आले. साहेबांनी आधी केलेला नमुना त्यांनी परत पाठवला होता. त्यात निळ्या कागदावर नुसती साबणाची वडी आणि एक बुडबुडा होता. "आमाला पोरगी पायजे, हसती पोरगी," असा शेठचा निरोप. बर्वे गिऱ्हाइकं सांभाळायचे. त्यांनी घाबरून मलाच विचारलं. मी घरी जाऊन माझ्या धाकट्या बहिणीला, हंसाला, खिडकीपाशी बसवलं, तिच्या गालाला दाढीच्या साबणाचा फेस फासला आणि चित्र काढलं. शेठ ते बघून इतके खूष झाले की त्यांनी बर्वेंना पेढे दिले. हे पोस्टर लागलं की कर्णिकबाई कायम, आणि पुढे चित्रंच काढतील, असं बर्वेंनी मला सरळ सांगून टाकलं होतं.

आणि ऐन वेळी ही माशी शिंकली.

"तुम्ही जाऊन बोला," बर्वे म्हणाले. "माझं ऐकायचे नाहीत. आणि त्यांचं ते चेहऱ्यांचं काय आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होतं, कळलं कुणालाच नव्हतं. हालरसाहेबांच्या कुठल्याही पोस्टरवर माणसाचा चेहरा नसे. टोप्यांच्या जाहिरातीत टोपी असे, खाली डोकं नसे. चहाच्या पोस्टरवर कपाच्या कानात अडकलेलं एकच बोट. एका छत्रीवाल्यासाठी त्यांनी भर पावसात एकटी चालत निघालेली छत्री काढली होती आणि लोक ती बघायला थांबायचे. स्टुडिओत यावर नाना तर्क चालत. कुणी म्हणे त्यांना चेहरा जमतच नाही. कुणी म्हणे त्यांच्या धर्मात चालत नाही. बर्वेंच्या मते ती सगळी तिकडची फॅशन होती.

मला असल्या गोष्टी स्वस्थ बसू देत नाहीत. नको तिथे नाक खुपसायची सवय मला लहानपणापासून आहे, आईने त्यापायी हात टेकले होते. एकदा मी साहेबांना म्हटलं, "सर, माझं एक चित्र काढून द्या ना, आठवण म्हणून." त्यांनी लगेच पेन्सिल घेतली. दहा मिनिटांनी कागद माझ्या हातात दिला तर त्यावर माझा हात होता, ब्रश धरलेला. नखाखालचा रंगसुद्धा होता. हात इतका माझा होता की मला हसू आलं आणि रागही आला. न जमण्याची गोष्ट खोटी, एवढं त्या दिवशी पक्कं झालं. असा हात काढणाऱ्याला चेहरा जमत नाही हे कोण मानेल?

लिफ्टच्या त्या प्रसंगानंतर मी दुपारची रजा टाकली आणि जिथे शिकले त्या चित्रशाळेच्या ग्रंथालयात गेले. तिथे एका कपाटात युरोपातल्या पोस्टरांचे जुने वार्षिक अंक असत. जर्मन भाषेतले, जाडजूड. भाषा येत नव्हती पण चित्रं बघायला भाषा कशाला? व्हिएन्नाची पानं उलटत गेले आणि एका पानावर खाली कोपऱ्यात तीच सही दिसली, तिरक्या 'H'वर टोपी घातल्यासारखी रेघ असलेली.

वर एका मुलीचा चेहरा होता. पानभर. हातात कॉफीचा कप, त्यातून निघालेली वाफ तिच्या नाकापर्यंत आलेली, आणि ती खुदकन हसलेली. पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढला होता. जाहिरातीतल्या मुलीचा दात असा कुणी काढत नाही, आधी तो सरळ करतात. इथे तो तसाच ठेवला होता आणि सगळं हसू त्या दातात होतं. तो अंक मी ओळखीवर मागून घेतला आणि जवळजवळ धावतच स्टुडिओत आले. मला वाटलं, चोर पकडला.

साहेब खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. मी अंक उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, हे तुमचंच ना? मग माझ्याच पोस्टरमधला चेहरा का काढून टाकायचा?"

त्यांनी कप खाली ठेवला. पानाकडे बघितलं, मग चष्मा काढून पुन्हा बघितलं. मला वाटलं रागावतील, पण ते खुर्चीत बसले.

"दार लावून घ्या," ते म्हणाले.

मी दार लावलं. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांचं इंग्रजी हळू आणि नीट, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं.

"ही ग्रेटे. माझी धाकटी बहीण," ते म्हणाले. "कॉफीच्या कंपनीला चित्र हवं होतं. मी तिला खिडकीपाशी बसवलं. पोस्टर शहरभर लागलं. आमच्याकडे रस्त्यावर जाहिरातींसाठी गोल खांब असतात, प्रत्येक खांबावर ग्रेटे. वर्तमानपत्रात तिची मुलाखत आली, नावासकट. मुलं तिला रस्त्यात 'कॉफी, कॉफी' म्हणून हाका मारायची. तिला फार आवडायचं ते. मलाही."

"मग?"

"मग ते लोक आले. आम्ही ज्यू. मला बोटीचं एक तिकीट मिळालं. ग्रेटे म्हणाली, तू पुढे हो, मी आईला घेऊन येते. आई वारली, तोवर दारं बंद झाली होती. पुढे माणसांना गाड्यांत भरून न्यायला लागले तेव्हा ती लपली. बरेच जण लपले होते, दुसऱ्या नावाचे कागद करून, उघड रस्त्यावर फिरत. आमची एक मामेबहीण तशीच जगली. आजही आहे. तिचा चेहरा साधा आहे, तुम्ही तिला पाच वेळा भेटलात तरी सहाव्यांदा ओळखणार नाही. ग्रेटेचे कागद तिच्यापेक्षा चांगले होते. केस रंगवले होते तिने, चष्मा लावला होता."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी काही विचारायच्या आत ते आपणहूनच पुढे बोलले.

"दोघी एका ट्रॅममध्ये होत्या. लांब लांब बसलेल्या, ओळख न दाखवता. कुणी तरी काही तरी गमतीचं बोललं आणि ग्रेटे हसली. समोरची एक बाई एकदम म्हणाली, 'अय्या, तू ती कॉफीवाली मुलगी ना?' मोठ्याने म्हणाली. मिस कर्णिक, त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला आनंद झाला होता. सगळी ट्रॅम वळून बघायला लागली, सगळे हसतायत. गणवेशातला एक माणूसही हसला. त्यालाही ती आठवली आणि तिचं नावही आठवलं. मग त्याने कागद मागितले. कागदावर नाव दुसरंच होतं."

खाली रस्त्यावर ट्रॅमची घंटा वाजली. मी अंकाकडे बघायचं टाळत होते.

"मामेबहीण मागच्या बाकावर बसून होती. गप्प. तिला गप्पच बसावं लागलं. युद्ध संपल्यावर तिने मला हे सांगितलं." त्यांनी अंक मिटला. "पोस्टर फार चांगलं होतं माझं. एकदा बघितलं की विसरायचं नाही कुणी."

 तरी मी म्हणालेच, कारण ते पोस्टर माझं होतं आणि मला ते हवं होतं. "पण सर, इथे असं काही होणार नाही. हंसाला कोण शोधायला येणार आहे? आपल्या देशात आता आपलंच राज्य आहे."

"खरं आहे," ते म्हणाले. "मलाही माझं शहर चांगलं ठाऊक होतं."

मग उठून त्यांनी कपाटातून माझं पोस्टर काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मी नाही म्हणणार नाही. मगाशी म्हणालो ते चुकलो. खाली सही तुमची असेल, छापखान्यात पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी घरी हंसाला सगळं सांगितलं. आई माजघरात तांदूळ निवडत होती. तिचा या पोस्टरला पहिल्यापासून विरोध. "उद्या मुलीला बघायला येतील ते म्हणतील, हिला तर आम्ही नाक्यावर रोजच बघतो, तेही तोंड धुताना," असं तिचं म्हणणं. हंसा ते हसण्यावारी न्यायची. पण ग्रेटेची गोष्ट तिने हसण्यावारी नेली नाही.

"वाईट झालं गं," ती शेवटी म्हणाली. "पण ताई, म्हणून मी काय तोंड झाकून फिरू का? कॉलेजात सगळ्यांना सांगून बसलेय मी. आणि मला आवडेल कुणी ओळखलेलं. तुला काय, तुझी निदान सही असते कुठे तरी."

 तिचं काही चुकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचंच बरोबर ठरायला हवं होतं. सकाळी पोस्टर छापखान्यात पाठवायचं ठरवूनच मी झोपले.

सकाळी मी डबा घरीच विसरले. तो द्यायला हंसा स्टुडिओच्या इमारतीत आली, आणि मी तिला घ्यायला खाली उतरले. लिफ्टसाठी रांग होती. आमच्या कंपनीतले लोक होते, वरच्या विमा कचेरीतले कारकून होते, दोन पारशी वकील होते. रांगेत साबणवाल्या शेठचा मुनीमही होता. त्याने ते चित्र फक्त एकदा, शेठच्या टेबलावर, पाहिलेलं.

हंसा माझ्याकडे बघून हसली मात्र, मुनीम ओरडला, "अरे, हीच ती! हीच आपली हिमकांती!"

सगळी रांग वळली. सगळे हसत होते. वकिलांपैकी एकाने टोपी किंचित उचलली. हंसा लाजून गुलाबी झाली, तिला ते इतकं आवडलं होतं की तिने डबा माझ्या हातात द्यायच्या ऐवजी छातीशी धरला. मुनीमाच्या आवाजात नुसता आनंद होता. मला मात्र त्या आनंदाचीच भीती वाटली. अजून तर एक कागदही छापला नव्हता.

मी वर गेले, पांढरा रंग घेतला आणि हंसाचा चेहरा पुसून टाकला.  फेस ठेवला, केस ठेवले, मध्ये कोरी जागा.

मग खरी पंचाईत झाली. शेठना हसती पोरगी हवीच होती, आणि मला कुणाचाच नसलेला चेहरा काढायचा होता. तसा चेहरा काढणं किती अवघड असतं हे काढायला बसल्याशिवाय कळत नाही. पहिला काढला तर तो माझ्या मावशीचा झाला. दुसरा वर्गातल्या सुशीला वागळेचा. तिसऱ्याला नाक आईचं आलं. हात ओळखीच्याच वाटेने जातो. दुपारपर्यंत टेबलाखाली कागदांचा ढीग झाला. बर्वे तीनदा येऊन कपाळाला हात लावून गेले.

हालरसाहेब कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी कोरी जागा बघितली, ढीग बघितला, आणि शेजारचं स्टूल ओढून बसले.

"एका माणसाचा चेहरा काढू नका," ते म्हणाले. "भुवई एकीची घ्या, हनुवटी दुसरीची. डोळे जरा जास्त लांब ठेवा, असे कुणाचेच नसतात."

तसं केलं तेव्हा कुठे जमत गेलं. कपाळ, डोळे, नाक. कुणाचीच नव्हती, आणि तरी ती एक मुलगी होती. फक्त तोंड बसेना. हसू काढलं की ते दातांच्या पावडरीच्या जाहिरातीसारखं व्हायचं.

"तोंड मी करू का?" त्यांनी विचारलं. परवानगी मागत होते. माझे साहेब, माझी.

मी ब्रश दिला आणि चहा सांगायला उठले. वाटलं, आपण इथे नसावं. परत आले तेव्हा ते ब्रश धूत होते. मुलगी हसली होती, खुदकन. पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता.

मी बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं. 

शेठना चित्र पुन्हा दाखवलं तेव्हा ते बराच वेळ मान तिरकी करून बघत बसले. "पोरगी बदलली के?" त्यांनी विचारलं. बर्वे माझ्याकडे बघायला लागले. "चालशे. ही जास्ती हसते." झालं. मी कायम झाले, अक्षरांची बाई हे नाव हळूहळू मागे पडलं.

हंसाने मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. पोस्टर लागल्यावर मैत्रिणींनी तिला विचारलं, तू कुठेयस गं यात? ती काय सांगणार? दिवाळीपर्यंत ती मला हो-नाहीपलीकडे बोलली नाही. ते मला फार लागलं, आणि तिलाही लागलं असणार. आज ती नातवंडांना सांगते की ताईने मला पुसून टाकलं, आणि हसते. पण तेव्हा हसली नव्हती.

पोस्टरं लागली त्या आठवड्यात साहेब मला म्हणाले, "चला, बघून येऊ." हे नवलच होतं, कारण छापलेलं पोस्टर बघायला ते कधी जात नसत. गिरगावातल्या एका लांबलचक भिंतीवर एकाशेजारी एक अशी पाच-सहा लावलेली होती, खळ अजून ओली होती. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. शेजारी एक बाई टोपलीत केळी घेऊन बसली होती. तीही मान वर करून तिकडेच बघत होती.

"कुणाची गं पोर ही," ती मला म्हणाली, "गोड हसते अगदी."

"काय म्हणाली ती?" साहेबांनी लगेच विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना मराठी आली नव्हती.

"कुणाची मुलगी आहे विचारतेय. गोड हसते म्हणाली."

"म्हणजे तिला ओळखत नाही?"

"नाही सर."

त्यांनी पोस्टराकडे बघितलं, मग त्या बाईकडे.

"नीट विचारा तिला," ते म्हणाले. "पुन्हा विचारा."

मी खाली वाकून विचारलं, "मावशी, ओळखता का हो हिला? कुठे बघितल्यासारखी वाटते?"

"मी कुठे बघणार बाई? आजच बघतेय पहिल्यांदा," ती म्हणाली. "का, हरवलीय का कुणाची?"

पहिलं वाक्य मी साहेबांना शब्दाला शब्द सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. त्यांनी डोक्यावरची हॅट काढून हातात धरली आणि भिंतीकडे बघत आपल्या भाषेत अगदी हळू काही तरी बोलले, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. काय बोललात, असं मी त्यांना विचारलं नाही.